सुभानरावांनी बसवलेली पट्टी

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. बडोद्यात फतेगंजातल्या आमच्या गल्लीत भाजीवालीसुद्धा माझ्या दारात मापाला गडबड करत नाही. पण आज सांगणार आहे ते एका माणसाच्या कौतुकाचं आहे. माझ्या तोंडून कौतुक क्वचित निघतं, तेव्हा नीट ऐका.

माझी एकुलती एक नीरा करजणला दिली. जावई दामोदरराव तिथल्या वहिवाटदार कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. विहीण जिजाबाई मात्र गरीब नव्हती. उंच, धिप्पाड, बोलणं मोजकं, आणि जे बोलेल ते दगडावर कोरल्यासारखं. नीरा दिवाळसणाला आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी आतल्या खोलीत, पांघरुणांची चळत काढायला कोपऱ्यात गेली असता तिला विंचू चावला. पोर रात्रभर तळमळली, पण वाचली. पुढे पंधरा दिवसांनी कळलं की तिला दिवस गेलेत.

झालं! करजणहून जिजाबाईंचा निरोप आला, तो दामोदररावांनी मान खाली घालून सांगितला. "आई म्हणते, बाळंतपण करजणलाच होईल. त्या खोलीत ती सुनेला पाठवणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी नाही? लोक काय म्हणतील ते जाऊ द्या चुलीत, माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात कोण फिरवणार? मला एकच मूल. तिच्या कळा माझ्या उशाशी नाही तर कुणाच्या? मी यांना सांगून टाकलं, खोली अशी करा की विहीणबाईंना बोट ठेवायला जागा राहता कामा नये. दुसरी खोली द्यायची सोयच नव्हती. पुढे बैठकीची, मागे स्वयंपाकाची, आणि बाळंतिणीला आडोसा म्हणावा अशी ही एकच.

आमचे हे, म्हणजे भास्करराव, सरकारच्या मोजणी खात्यात. बडोदं राज्यातली निम्मी शेतं यांच्या साखळीखालून गेलेली. यांनी ताबडतोब कागद काढला, खोलीचा नकाशा काढला, आणि जुनी चुन्याची जमीन उखडून विलायती नक्षीच्या फरश्या घालायचं ठरवलं. मला फरश्या आवडल्या, खोटं कशाला बोलू? काळ्या-पांढऱ्या, मधे तांबडं फूल. पण फरशीवाल्यानं दारापासून दोरी धरून ओळी सरळ नेल्या आणि खोली तर सरळ नव्हतीच. जुन्या विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, कुठे पोट सुटलेलं, कुठे खळगा. पलीकडच्या भिंतीशी फरशी संपली आणि भिंत सुरू झाली त्यात एका टोकाला दोन बोटं जागा, दुसऱ्या टोकाला चार. त्यानं तिथे चुना कोंबला. मी विचारलं, हे असं? तर म्हणतो कसा, "बेन, एमां शुं? चाली जशे!" म्हणजे त्यात काय, चालून जाईल!

नाही चाललं. महिन्याभरात चुना सुटला आणि भिंतीच्या कडेनं भोकंच भोकं दिसायला लागली. पूर्वी तिथे गेरूचा पट्टा ओढायचो आम्ही, तो तरी बरा होता.

मग यांनी पट्टीचा विचार काढला. भिंतीच्या पायथ्याशी लाकडी फळी उभी ठोकायची, फट झाकली जाते. छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यात असते, ते तिला स्कर्टिंग म्हणतात. विचार वाईट नव्हता. पण यांनी खोली मोजली ती शेत मोजतात तशी. शेताच्या हद्दीला कोपऱ्यात दगड असतो, त्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत साखळी ओढायची, मधली रेघ सरळ धरायची, झालं. यांनी चार कोपरे धरले, चार आकडे लिहिले, वखारीतून इंचभर जाडीच्या चार सरळसोट सागवानी फळ्या कापून आणल्या. बाजारातला एक सुतार बोलावला. त्यानं दणादण खिळे मारले. भिंतीचं पोट जिथे पुढे आलं होतं तिथे फळी टेकली आणि दोन्ही टोकांना भिंतीपासून दोन-दोन बोटं सुटली. तिथे वरून यांनी लाखेचा थर दिला. दिसायला सुरेख दिसत होतं, तेवढं मान्य करते.

"बघ," हे म्हणाले, "आता विंचवाची काय बिशाद!"

होळीच्या आदल्या दिवशी मी खोलीत केर काढत होते. केरसुणीचा दांडा फळीला लागला, पोकळ आवाज आला, आणि लाखेच्या थराला तडा गेला होता तिथून एक काळी नांगी बाहेर आली. पाठोपाठ आख्खा विंचू. फट झाकली होती आम्ही, आणि फळीच्या मागे त्याला ऐसपैस घर बांधून दिलं होतं! मी त्याला तिथल्या तिथे ठेचला. मग परसातून पहार आणली, पदर खोचला आणि चारही फळ्या उचकटून अंगणात फेकल्या. हे कचेरीतून आले तेव्हा मी घामाघूम होऊन पायरीवर बसले होते. माझ्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं हातपाय धुवायला गेले. माणूस शहाणा आहे तसा.

नीरानं निरोप पाठवला होता की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाई स्वतः बडोद्याला येणार, खोली बघणार, आणि मग काय ते ठरवणार. म्हणजे हातात महिनाही नव्हता. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा शेजारच्या सरोजिनीनं सुभानरावांचं नाव सांगितलं.

सुभानराव साठीपलीकडचे. आजा सैन्यातून बडोद्यात आलेला, बाप सैन्यात, त्यांनी स्वतः मात्र तलवारीऐवजी रंधा धरला. उमर सगळी बग्ग्या बांधण्यात गेली. बग्गीत म्हणे एकही फळी सरळ नसते. पांढऱ्या मिशा, डोक्याला तांबडं पागोटं, आणि चालणं असं की आपणच घाई करून पुढे ढकलावं. मी त्यांना खोली दाखवली, विंचवाची गोष्ट सांगितली, नीराची सांगितली, विहीणबाईंची तर मीठमसाला लावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाईसाहेब, मोलकरणीला बोलवा. खोली पुसू दे."

"आत्ताच पुसलीये!"

"मी बघितली नाही."

मोलकरणीनं खोली पुसली. सुभानराव दारात उकिडवे बसून बघत राहिले. फडकं भिंतीला किती वर लागतं, पाणी कुठे साचतं. मग तांब्याभर पाणी मधोमध ओतलं आणि ते कुठल्या कोपऱ्याकडे धावतं ते बघितलं. मग डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवत सबंध खोलीला एक फेरी घातली, बोटाच्या पेरानं टकटक करत. जिथे पोकळ वाजलं तिथे कोळशाची खूण. पहिला दिवस एवढ्यातच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. हा बाबा भिंतीशी सोयरीक जमवतोय की काम करतोय?

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे माझी फर्माईश ठेवली. आमच्या गल्लीतल्या दिनकररावांच्या नव्या घरात काळ्या गुळगुळीत दगडाची पट्टी आहे, तशी मला हवी. नाहीतर फरशीचीच उभी पट्टी.

"दगड वाकत नाही," सुभानराव म्हणाले. "तुमची भिंत वाकलेली. दगडाच्या मागे पुन्हा पोकळी राहणार. फरशीची पट्टी लावू म्हणता, तर एकेक तुकडा सांधायचा, इतके सांधे, आणि प्रत्येक सांधा उद्या एक फट. लाकूडच घ्यायचं. पण तुम्ही अंगणात टाकलंत ते नाही. ते जाड आहे, स्वतःच्या ताठ्यात राहतं."

"आमच्याकडचीच माणसं तशी, लाकडाला काय बोल लावणार?" मी म्हटलं. ते पहिल्यांदा मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर त्यांनी स्वतःच्या घरच्या पाट्या आणल्या. जुन्या सागाच्या, जेमतेम अर्धा इंच जाड, लांबच लांब, बग्गीच्या कामासाठी वर्षानुवर्षं माळ्यावर वाळवलेल्या. एक पाटी त्यांनी दोन हातांत धरून वाकवली, तशी ती वाकली आणि सोडल्यावर परत आली. हे कचेरीला निघाले होते, ते थांबून बघायला लागले.

मग काम सुरू झालं, आणि इथून पुढे मी भांडी आपटली नाहीत. आधी त्यांनी भिंतीचा सुटलेला गिलावा खरवडला, पोकळ जागा फोडल्या, फरशीच्या कडेचा सगळा भुसभुशीत चुना काढला आणि विटांची पूड घालून मळलेला ताजा चुना ठासून भरला. तो घट्ट होईपर्यंत चार दिवस त्याच्यावर गोणपाट ओलं ठेवायला मला लावलं. मग भिंतीत लाकडाचे गुटके बसवले, पाटी त्यांनाच स्क्रूनं आवळायची म्हणून. मग एक पाटी भिंतीशी उभी केली. खाली फरशी कुठे उंच, कुठे सखल, त्यामुळे पाटीखाली कुठे बोटभर उजेड, कुठे काहीच नाही. सुभानरावांनी झोळीतून दोन पायांचं लोखंडी कर्कटक काढलं. त्याचा एक पाय फरशीवर टेकवला, दुसऱ्या पायात शिसपेन्सिल, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. फरशी जिथे चढली तिथे पाटीवर रेघ चढली, जिथे उतरली तिथे उतरली. आमच्या जमिनीचं सगळं खरंखोटं त्या पाटीवर उमटलं! मग त्या रेघेबरहुकूम करवत, मग रंधा, मग कानस. पाटी पुन्हा खाली ठेवली तर उजेडाचा धागा दिसेना.

हे माझ्या मागे उभे होते. "मी तीस वर्षं मोजतोय," हळूच म्हणाले, "पण हे मोजणं वेगळं." यांच्या तोंडून असं काही मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

कोपऱ्यांत तर त्यांनी कमालच केली. बाजारातल्या सुतारानं दोन्ही फळ्या तिरक्या कापून जुळवल्या होत्या आणि कोपरा काटकोनात नसल्यामुळे तोंड वासून राहिल्या होत्या. सुभानरावांनी काटकोन तपासायचा गुण्या लावूनसुद्धा बघितला नाही. एक पाटी सरळ कोपऱ्यात घुसवली, आणि दुसरीचं टोक पहिलीच्या अंगावर जसंच्या तसं बसेल असं कोरलं. कोपरा हवा तसा वाकडा असू दे. भिंतीचं जिथे पोट होतं तिथली पाटी उकळत्या पाण्याच्या फडक्यांनी शेकून वाकवली, मागे ओला चुना थापला आणि मग स्क्रू आवळले. वरून जास्तीचा चुना पिळून बाहेर आला तेव्हा समाधानानं मान हलवली. वरची कड उतरती तासली, धूळही बसू नये म्हणून. मेण आणि राळ एकत्र वितळवून वरच्या आणि खालच्या रेघेत भरली. अहो, खोलीत धुपासारखा वास कोंदला होता.

हळदीकुंकू शुक्रवारी. बुधवारी शेवटची पाटी राहिली, दाराजवळची. ती कापून बसवली. सुभानरावांनी टपालाचं एक कार्ड घेतलं आणि खालून फिरवलं. एका जागी कार्डाचा कोपरा इतकासा आत गेला, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्यांनी पाटी काढली.

"अहो, काय करताय!" मी ओरडले. "परवा ती बाई दारात उभी राहील! तिथे मेण भरा की. चालतंय. कोण बघतंय एवढं?"

"विंचू बघतो," सुभानराव म्हणाले. "आणि मेण उन्हाळ्यात मऊ होतं. तुमची लेक ज्येष्ठात बाळंत व्हायची ना?"

मीच मेली, त्या फरशीवाल्याचं "चाली जशे" माझ्या तोंडून निघालं होतं! लाज वाटली मला. ती पाटी आता बुटकी पडणार म्हणून त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली, अगदी पहिल्यापासून. बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी दिवेलागणीला त्यांनी कार्ड चारी भिंतींशी फिरवलं, वरून, खालून, कोपऱ्यांत. कुठेच शिरलं नाही. "झालं," एवढंच म्हणाले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागे सरले, पण मी केलाच.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जिजाबाई आल्या, बरोबर दामोदरराव. नीराला आणलं नव्हतं. मी गौर मांडली होती, आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या कमळासारख्या फोडी. सुभानरावांना मी मुद्दाम बोलावून ओसरीवर बसवलं होतं, काही विचारलंच तर उत्तर द्यायला.

जिजाबाईंनी कुंकू लावून घेतलं, पन्ह्याचा पेला बाजूला ठेवला. "आधी खोली."

मी मनात म्हटलं, बघ बाई, बघ.

त्या आत गेल्या, अंबाड्यातला आकडा काढला आणि खाली गुडघ्यांवर बसल्या. एवढी धिप्पाड बाई, श्वास फुलत होता, पण गुडघ्यांवर सरकत सरकत त्यांनी आकड्याचं टोक पट्टीच्या खालून ओढलं, मग वरून, मग कोपऱ्यात टोचून पाहिलं. चारी भिंती. कुठे अडकलं नाही, कुठे शिरलं नाही. मग मूठ वळून पट्टीवर ठोकायला लागल्या. भरीव आवाज. पुढे ठोकलं. भरीव.

"मागं काय भरलंय?" त्यांनी विचारलं.

सुभानराव दारातून म्हणाले, "चुना. टोकापासून टोकापर्यंत. मागं मुंगीलासुद्धा वळायला जागा नाही, बाईसाहेब."

जिजाबाईंनी आकडा परत अंबाड्यात खोचला. मग म्हणाल्या, "दार लोटून घ्या. मला जरा बसू द्या."

आम्ही बाहेर. घटका गेली, आतून आवाज नाही. गल्लीतल्या बायका यायला लागल्या, डाळ वाटून झाली, ओट्या भरून झाल्या, तरी बाई आतच. आता माझं डोकं फिरायला लागलं. म्हणजे आणखी काही खुसपट शोधतेय! एवढा देवासारखा माणूस राबला, पोरीच्या पाठीवर हात फिरवायला मी तरसतेय, आणि हिची परीक्षा संपत नाही. एकदाच काय ते बोलून टाकावं म्हणून मी तरातरा गेले आणि दार ढकललं.

जिजाबाई भिंतीच्या अगदी कडेला, खाली काही न अंथरता, उघड्या फरशीवर झोपल्या होत्या. गाढ. डोक्याखाली स्वतःचा हात, पाठ पट्टीला टेकलेली.

माझ्या मागोमाग दामोदरराव आले होते. ते दारातच खिळले. त्यांचा चेहरा बघून मी घाबरले.

"काय झालं हो?"

"मामी," ते कुजबुजले, "मी जन्मल्यापासून आईला जमिनीवर पाठ टेकलेलं पाहिलं नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा पलंग सोडून खाली निजत नाही. माझ्या आधी एक बहीण होती. आई माहेरी बाळंत झाली, खाली अंथरुणावर होती. बाराव्या दिवशी, बारशाची तयारी चालली होती. भिंतीतून विंचू आला तो थेट दुपट्यात. आईला वाटलं पोर भुकेनं रडतेय. ती पाजत राहिली."

चार-पाच महिने मी या बाईला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती, ती सगळी मला आठवली. ही माझी पोर माझ्यापासून तोडत नव्हती. ही दुसऱ्या एका माहेराला घाबरत होती.

सुभानराव उठून आत डोकावले. त्यांनी बघितलं, ओसरीवर काढलेले जोडे हातात घेतले आणि आवाज न करता खाली उतरले. बाहेर बायका मोठ्यानं हसत होत्या, त्यांना दामोदररावांनी खुणेनं गप्प केलं.

जिजाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. मी आत गेले, दार लोटलं, त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, आणि त्या जाग्या होईपर्यंत पदरानं वारा घालत राहिले.